यंदा ऊद गळला नाही

सोमवारी पहाटे हुमाला करंडी पाठीला लावून दारात उभा राहिला की लाम्रिया हातातलं काम टाकून त्याच्यासमोर येऊन उभी राहायची. लग्न झाल्यापासूनचा हा नेम. तो विचारायचा, "बिन्सारची आई, मनात काही आहे?" असेल तर तिनं तिथंच सांगून मोकळं व्हायचं. नवऱ्याचा राग असो, सासूचा असो, शेजारणीनं घेतलेलं सूप परत न दिल्याचा असो. नसेल तर "काही नाही, या जाऊन" म्हणायचं आणि मुटक्यांची पुरचुंडी त्याच्या हातात द्यायची. तांदळाचं पीठ, खोबरं आणि गूळ एकत्र करून मुठीत दाबलेले ते मुटके. त्यांवर तिची बोटं उमटलेली असायची. जंगलात पोचल्यावर त्यातला पहिला घास झाडाच्या खोडाला चोळायचा आणि उरलेला आपण खायचा.

उदाचं झाड ही मूळची मुलगी आहे, हे आमच्या लुम्बान तोर गावात कुणाला शिकवावं लागत नाही. बापानं खोटं बोलून मनाविरुद्ध लग्न ठरवलं म्हणून ती जंगलात पळाली, रडत बसली आणि तिथंच तिचं झाड झालं. खोडाला खाच पाडली की जो पांढरा चीक गळून वाळतो, तो तिच्या डोळ्यांतलं पाणी. तेव्हा तिच्याकडे जायचं तर जुने कपडे घालून, खाली मान घालून जायचं. घरात भांडून गेलेल्या माणसाला, खोटं बोलून गेलेल्या माणसाला ती काही देत नाही. एकदा खोट्यानं पोळली आहे ना ती.

हुमालाच्या आजोबांच्या काळी या उदानं सगळं गाव पोसलं. ऊद डोंगर उतरून समुद्राकाठच्या बंदरात जायचा आणि तिथून कुठल्या कुठल्या देशांतल्या देवळांत, मशिदींत, चर्चांत जळायचा. एका चांगल्या हंगामात कोरीव दाराचं घर उभं राहायचं. गावातले जे कोणी डॉक्टर-वकील झाले ते सगळे या उदाच्या धुरावर बसूनच वर गेले. त्यांतलं परत झाडाखाली कुणी आलं नाही, हा भाग वेगळा. पुढे भाव बसला, व्यापारी राळ मिसळायला लागले आणि तरणी पोरं शहरं धरायला लागली. मग सरकारनं कागदाचा लगदा करणाऱ्या एका कंपनीला अख्खा डोंगर देऊन टाकला. देताना नकाशावर सगळं जंगल एकाच हिरव्या रंगात रंगवलं होतं म्हणे. कुणाच्या आज्यानं कोणतं रोप लावलं, ते हिरव्या रंगात कसं दिसणार? कंपनीनं मागचा डोंगर बोडका करून त्यावर निलगिरी लावली. तेव्हापासून आमच्याकडे विहिरीचा दोर दरवर्षी लांबत चालला आहे.

हुमालाची राई ओढ्याच्या वरच्या आणि खालच्या फाट्यांच्या मधल्या उतारावर होती, निलगिरीला सगळ्यांत जवळ. यंदाच्या हंगामात तिनं हात आखडला. पहिल्या आठवड्यात करंडीचा तळ जेमतेम झाकला. पुढच्या आठवड्यात तेवढंही नाही. पावसाळ्यात पाडलेल्या खाचा कोरड्या ठणठणीत. आठवडाभर जंगलात राहून हुमाला शुक्रवारी परत आला की करंडी ओट्यावर ठेवायचा आणि तिच्याकडे पाठ करून बसायचा. पूर्वी याच वारी तो ताडी घेऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांची टिंगल करायचा. आता ताडीही सोडली.

लाम्रिया मात्र त्या करंडीकडे बघायचं टाळायची. कारण तिच्या मनात काही होतं.

पावसाळ्यात ती बाजाराच्या गावी मिरच्या विकायला गेली होती. कॉफीच्या टपरीपाशी तिला आपला मुलगा बिन्सार दिसला. हा पोरगा दूर पेकनबारू शहरात ट्रक चालवतो, असं सगळ्या घराला ठाऊक होतं. दर महिन्याला पैसे पाठवायचा. तो इथं, डोक्यावर कंपनीची नारिंगी टोपी, चिखलानं भरलेले बूट. तिला बघून पळून जाईल असं तिला वाटलं. पण तो जवळ आला आणि त्यानं तिची टोपली उचलली.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"गेल्या वर्षापासून. तोडीच्या टोळीत आहे, आई. पुढं जाऊन हद्दीच्या फिती बांधायचं काम."

"तुझ्या पणजोबांनी लावलेल्या झाडांना फिती बांधतोस?"

"त्यांना नाही बांधत." तो इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "मी तिथं आहे तेच बरं आहे, असं समज. बाबांना सांगू नकोस. शपथ आहे तुला."

"तुझे बाबा दर सोमवारी मला विचारतात रे."

"मग दर सोमवारी काही नाही म्हण. इतक्या वर्षांत तुझ्या मनात एकदाही काही नव्हतं? खरं सांग."

ती हसली होती, तेच चुकलं. हसली म्हणजे कबूल केल्यासारखं झालं. तेव्हापासून प्रत्येक सोमवारी ती दारात उभी राहून नवऱ्याच्या तोंडावर "काही नाही, या जाऊन" म्हणत होती. मुटके दाबताना तिचंच खोटं मुठीत दाबलं जाऊन झाडापर्यंत पोचतंय, असं तिला वाटायचं आणि ते वाटणं काही केल्या जाईना.

हुमालाला दोष स्वतःतच दिसत होता. बायकोवर संशय घ्यायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही, आणि तिला तेच जास्त लागायचं. एका शनिवारी त्यानं तलावातला मोठा मासा आणला, तिला हळद-मसाला भरून शिजवायला सांगितला आणि तो घेऊन थेट चुलतभाऊ जाहोतानच्या दारात गेला. दोघांचं एका म्हशीवरून कित्येक वर्षं बोलणं बंद होतं. लाम्रियाही भांडं धरून मागे गेली.

जाहोताननं दार उघडलं, आधी माशाकडे बघितलं, मग भावाकडे. "म्हैस मेली तेव्हा आला नाहीस. आता मासा घेऊन आलास?"

"म्हशीनं माझा मका खाल्ला होता."

"मक्यानं म्हैस मरते का रे?"

"मी धोंडा मारला होता," हुमाला म्हणाला. "लागला असेल. मला ठाऊक नाही. पण मारला होता. ते पोटात ठेवलं मी. आता माफ कर."

जाहोतान दारातून बाजूला सरला. मग म्हणाला, "आत या. मासा गार होतोय." जेवताना त्यानं भावाच्या पानात माशाचं डोकं वाढलं, आमच्याकडे मानाच्या माणसाला वाढतात तसं. आणि म्हणाला, "ऊद तर माझाही कमी आहे. सगळ्यांचाच आहे. निलगिरीकडून वारा येतो तो कसा कोरडा येतो बघ. तू उगाच जिवाला लावून घेतोस."

"सगळ्यांचा कमी आहे. माझा नाहीच," हुमाला म्हणाला. "वारा काय फक्त माझंच घर बघून वाहतो?"

खरं सांगायचं तर वारा त्याचीच राई आधी गाठत होता. हे त्या घरात बसलेल्या तिघांनाही कळण्यासारखं होतं. पण झाडं आटली की आधी आपलं मन चाचपायचं, ही सवय आमच्या हाडांत मुरलेली. जमीन कोण नासवतंय ते आम्हांला त्यानंतर दिसतं, आणि दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

मासा कामी आला नाही. पुढच्या शुक्रवारी करंडी पुन्हा रिकामी. त्या रविवारी चर्चहून परत आल्यावर हुमाला ओट्यावर बसला आणि शांतपणे म्हणाला, "मी राई जाहोतानला देणार आहे."

लाम्रिया डुकरांना कोंडा कालवत होती. तिचा हात थांबला. "देणार म्हणजे?"

"खाचा त्यानं पाडाव्यात, ऊद त्यानं काढावा. त्याचा हात साफ आहे. माझ्यात काहीतरी आहे आणि ते मला सापडत नाही. सगळं शोधलं मी. ती माझ्याकडे बघतच नाही आता. माझ्यापायी झाडं कशाला वाळवायची? संध्याकाळी जाऊन सांगून येतो."

"बिन्सारला काय राहील मग?"

"बिन्सारला ट्रक आहे," तो म्हणाला, आणि आत कपडे बदलायला गेला.

तिनं कोंड्यातले हात तसेच धुतले. सासऱ्यांनी या माणसाला लहानपणी खांद्यावर बसवून त्या राईत नेलं होतं. झाडांना तो माणसांसारखं नावानं हाक मारायचा. ती देऊन टाकल्यावर याच्या सोमवाराचं काय करायचं? आणि हे सगळं कशामुळे, तर आपण एक शब्द गिळून बसलो म्हणून. मुलाची शपथ खरी, पण शपथ घालणारा अजून तरुण होता, तो काहीही सोसू शकला असता. हा म्हातारा दुसऱ्याच्या पापाखाली वाकून चालला होता. तिला ते बघवेना.

तो बाहेर आला तेव्हा ती दारात उभी होती.

"आज सोमवार नाही," हुमाला म्हणाला.

"नसू दे. तुमच्यात काही नाही. माझ्यात आहे." आणि तिनं एका दमात सगळं सांगितलं. बाजार, टपरी, नारिंगी टोपी, फिती. "दर सोमवारी खोटं बोलले मी. राई कुणाला देऊ नका. मला काय बोलायचं ते बोला."

तो उंबऱ्यावर बसला आणि तोंडावरून हात फिरवला. ती त्याच्या रागावण्याची वाट बघत होती. त्याऐवजी त्याचे खांदे सैल झाले, जड भारा खाली ठेवल्यावर होतात तसे. "एवढंच होतं होय," तो म्हणाला. "एवढंच होतं. आणि मी ती बिचारी म्हैससुद्धा उकरून काढली."

ती रडता रडता हसली. त्याच दुपारी तो चर्चचा कोट पुन्हा अंगावर चढवून कंपनीच्या तळावर गेला. परत आल्यावर त्यानं सांगितलं ते इतकंच: बिन्सार तळाच्या टपरीत टोळीबरोबर जेवत होता, मी शेजारी बसलो आणि म्हणालो, तुझ्या आईला खोटं झेपत नाही, झाडं वाळायला लागलीत, हे काम आजच्या आज सोड.

"मग? काय म्हणाला?"

"काही नाही. खूप वेळ ताटाकडे बघत बसला. मग म्हणाला, बरं बाबा. गुणी आहे गं पोरगा. वाटलं नव्हतं इतक्या लवकर ऐकेल."

सोमवारी तिनं निश्चिंत मनानं मुटके दाबले. त्या आठवड्यात दोनदा पाऊस शिंतडला. शुक्रवारी हुमाला अंगणात शिरला तोच हाका मारत. करंडी अर्धी भरली होती. पांढरे, दुधाळ, मोठाले खडे. खालच्या उतारावरच्या जुन्या झाडांनी दिले होते. त्यानं एक खडा चुलीतल्या निखाऱ्यावर टाकला आणि घर वासानं भरून गेलं. "बघितलंस? ओळखलं तिनं," तो म्हणत होता. "एका आठवड्यात ओळखलं." त्या संध्याकाळी त्यानं ताडी घेतली, जाहोतानला बोलावलं आणि म्हशीवरून दोघं पुन्हा भांडले, पण हसत. लाम्रियाला वाटलं, झालं, आता सगळं मार्गाला लागलं. सुखाचा असा एक शुक्रवार त्यांना मिळाला हे आठवलं की अजून गावातल्या बायका हळहळतात.

पुढच्या सोमवारी हुमाला निघाला आणि दुपारी परत आला. पाठीला करंडी नव्हती. पाय ओढत आला आणि अंगणातच बसला.

"काय झालं?"

"लाल फिती खालच्या फाट्यापर्यंत गेल्यात," तो म्हणाला. "यंत्रं लागलीत. वरची बाजू आडवी पडली. मी मध्ये उभा राहिलो, तर दोघांनी धरून बाजूला बसवलं. हळू धरलं हो, ढकललं नाही. पाणी दिलं प्यायला."

सगळं गाव गेलं. घोषणा झाल्या, वाटेवर ओंडके टाकले, पाद्रीबाबा आले, पोलीसही आले. मुकादमानं नकाशा दाखवला. आठवडा संपायच्या आत उतार मोकळा झाला. पणजोबांनी लावलेली झाडं पडताना खाचांमधून ओला चीक वाहत होता, असं जाहोताननं येऊन सांगितलं. हुमालानं ते ऐकलं आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजला. दोन-तीन दिवस तो तसाच होता. लाम्रिया भात ठेवायची आणि तसाच उचलून न्यायची.

त्यानंतर एका संध्याकाळी, हुमाला पहिल्यांदाच उठून जाहोतानकडे गेला असताना, एक परका तरुण अंगणात आला. नाव यारेदी, नियास बेटावरचा, बिन्सारच्या टोळीतला. हातात कपड्यांची पिशवी.

"इनांग, बिन्सारचं सामान राहिलं होतं तळावर," तो म्हणाला. आईच्या वयाच्या बाईला म्हणतात तसं इनांग म्हणाला. "तो पेकनबारूला गेला ना, खराखुरा. मला म्हणाला, पोचवून दे."

तिनं त्याला कॉफी दिली. तो प्यायला, पण उठेना. "तुमच्या राईचं वाईट वाटलं," शेवटी म्हणाला. "आम्हां दोघातिघांना माहीत होतं. बिन्सारनं एवढे दिवस धरून ठेवलं होतं."

"काय धरून ठेवलं होतं?"

"हद्द. कागदावर हद्द ओढ्यापर्यंत आहे. आता ओढ्याला दोन फाटे, मुकादम जावा बेटावरचा, त्याला काय कळणार? बिन्सार म्हणाला, मी इथलाच आहे, ओढा म्हणजे वरचा फाटा. त्यावर त्यानं फिती बांधल्या. वर्षभर कुणी खाली आलं नाही. दर महिन्याला पुन्हा बघून यायचा, फिती कुणी हलवल्या तर नाहीत ना. तो गेला आणि नव्या माणसानं नकाशा उघडला."

लाम्रियाला चूल दिसेना, समोरचा मुलगा दिसेना. "मग त्यानं बापाला का नाही सांगितलं? समोर येऊन बसले होते ना ते."

"मुकादम त्याच बाकावर बसला होता, इनांग. कसं सांगणार? मी नंतर म्हटलं, घरी जाऊन सांग. तर म्हणाला, बाबांना कळलं की खोटं बोलून राई राखली आहे, तर ते स्वतः जाऊन मुकादमाला खरं सांगून येतील. शिवाय आई माझ्यामुळे पोळली म्हणाला. काम सोडतो, मग बघू." यारेदीनं कप खाली ठेवला. "मी सांगायला नको होतं का?"

"नाही," ती म्हणाली. "सांगितलंस ते बरं केलंस."

तो गेल्यावर ती पिशवी मांडीवर घेऊन बसली. मी तिथं आहे तेच बरं आहे असं समज, म्हणाला होता पोरगा. तिला ते निमित्त वाटलं होतं. तिनं खरं बोलून झाडं तोडली, दुसऱ्या कुणी नाही, असं तिला स्पष्ट दिसलं. आणि त्याहून भयंकर हे की ते आता नवऱ्याला सांगायला हवं होतं. आयुष्यभर तिला तेवढंच शिकवलेलं होतं.

हुमाला परतला तेव्हा अंधार पडत होता. चालण्यात थोडा जीव आला होता. पिशवी बघून त्यानं विचारलं, "कोण आलं होतं?"

"बिन्सारचे कपडे घेऊन त्याच्या टोळीतला एक जण."

"काही म्हणाला?"

तिनं त्याच्याकडे बघितलं. या दिवसांत तो निम्मा झाला होता.

"नाही," ती म्हणाली. "कॉफी प्यायला आणि गेला. भात वाढू?"

त्या दिवशी तो पोटभर जेवला. हात धुऊन चुलीपाशी बसला आणि म्हणाला, "जाहोतान म्हणतो ते खरं आहे. झाडं कंपनीनं नेली, त्याला कोण काय करणार? पण आपल्या घराच्या पापानं गेली नाहीत. शेवटच्या खेपेला दिलं ना तिनं? अर्धी करंडी दिली. म्हणजे राग गेला होता तिचा. मी त्याच्यावर जगेन आता, बिन्सारची आई. बाकी काही नको मला."

"हो," ती म्हणाली.

"पोराला फोन लाव. त्याला कळायला हवं. उगाच मनाला खात बसला असेल."

तिनं फोन लावला. पलीकडे गाड्यांचे आवाज होते. तिनं काही बोलायच्या आत हुमालानं फोन हातातून घेतला आणि मोठ्यानं, लांब बोलताना तो नेहमी बोलायचा तसं, म्हणाला, "अमांग, पोरा, ऐक. झाडं गेली, कळलंच असेल. पण तू काम सोडलंस ना, त्याच आठवड्यात ऊद गळला. मोठे खडे, पांढरे. तुझ्यामुळे गळला. ऐकलंस का?"

लाम्रिया फोनकडे बघत राहिली.

"ऐकलं बाबा," बिन्सार म्हणाला. "बरं झालं."

"तेच म्हणतो मी. घे, आईशी बोल."

तिनं फोन कानाला लावला. त्याला काय ठाऊक आहे ते तिला ठाऊक होतं, आणि यारेदी येऊन गेल्याचं त्यालाही कळलं असावं, कारण पिशवी पोचली का, एवढंही त्यानं विचारलं नाही. हुमाला समाधानानं निखारे सारखे करत होता.

"जेवलास का रे?" तिनं विचारलं.

"जेवलो," तो म्हणाला.

"काय केलं होतं?"

"भात," बिन्सार म्हणाला. "आणि मासा."